जांभळीचा मांडव

मले कोणी समजदार म्हणलं का डोकं फिरते माझं. समजदार म्हणे! विमलाबाई, म्हणजे मीच, समजदार आहे म्हणून तिले जंगल समितीची अध्यक्ष केली, अन् समजदार आहे म्हणून ती भर मांडवात चूप बसली. आग लागो त्या समजदारीले.

आमचं गाव आर्वीकडच्या टेकड्यायच्या पायथ्याशी. मी सून होऊन आली तेव्हा वरच्या टेकडीवर नुसता साग होता, जंगल खात्यानं ओळीनं लावलेला. त्याच्या आधी तिथं खरं जंगल होतं म्हणे, जुनी माणसं सांगत. सहा वर्षांआधी खात्यानं तो साग तोडून नेला अन् टेकडी भादरल्यासारखी उघडी पडली. तेव्हा आम्ही गाववाले सायबाकडे गेलो. म्हणलं, आता पुन्हा साग नका लावू जी, आमच्या मातीतली झाडं आम्ही लावतो. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "लावा. सहा पावसाळे देतो. जंगल दिसलं तर टेकडी गावाच्या हवाली, नाही दिसलं तर पुन्हा साग."

मग आम्ही लागलो. मोहा, बेहडा, आवळा, ऐन, टेंभुर्णी, भेटेल त्याच्या बिया आणल्या. नाल्याच्या काठानं जांभूळ लावली, काऊन का ओल्या जागी तीच जोमानं येते. उन्हाळाभर डोक्यावर पाणी नेलं बायायनं. माझे दीर बबनराव तर कावड खांद्यावरून उतरवतच नव्हते. माझी पोरगी अपेक्षा कॉलेजातून आली का पुस्तकं टाकून टेकडीवर. तिचे बाबा आधीच गेलेले, घरात आम्ही तिघंच, मी, पोर अन् हे बायको वारलेले भाऊजी. आमचं सणवार, रुसणं, फुगणं सारं त्या टेकडीवरच झालं म्हणा ना.

नियम मी केलता. सहा वर्षं कोणी फांदीले हात लावायचा नाई. शेळी आत दिसली का मी मालकाच्या दारात उभी, मग तो सरपंच का असेना. लोक म्हणत, बाई आहे का फौजदार?

आमच्याकडे लगनाच्या आदल्या दिवशी मांडवडहाळे आणतात. बैलबंडी सजवून, डफडं वाजवत माणसं रानात जातात अन् जांभळीचे हिरवे डहाळे आणून मांडवावर टाकतात. जंगल गेलं तेव्हापासून गावात सारे कापडाचेच मांडव. मागच्या साली प्रभाकररावाच्या मयुरीचं लगन होतं. तो बिचारा घरी आला, "वहिनी, चार डहाळे द्या, पोरीची हौस आहे." मी म्हणलं, "एक पान नाई भेटणार." तो निघून गेला. मयुरी कापडाखाली लगनाले उभी राह्यली.

अन् यंदा वैशाखात आमच्या अपेक्षाचं लगन ठरलं. नवरदेव बोरगाव मेघेचा, सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरीले. मृग लागायच्या आत साहेब लोक टेकडी पाहाले येणार होते. मी मनात म्हणलं, एक पोर सासरी जाईल अन् दुसरी, टेकडी, घरी येईल. लय खुशीत होती मी.

मांडवाच्या दिवशी मी पोरीले घेऊन पुलगावले बांगड्या भराले गेलती. परत आलो तर गल्लीच्या तोंडालेच डफडं ऐकू आलं. घरासमोर बंड्या उभ्या. अन् माय वं! अंगणभर हिरवंगार. मांडवावर, खांबायले, दारावर, सगळीकडे जांभूळ. डहाळे नव्हते ते. बुडापासून तोडलेली झाडं होती, शेंड्यासकट उभी बांधलेली.

बबनराव मधात उभे, फेट्यात, घामानं निथळलेले. असे हसून राह्यले होते का मी त्या माणसाले इतकं हसताना कधी पाह्यलं नाई.

"पाहा वहिनी! आपल्याच जंगलाचा मांडव!"

"भाऊजी," मी म्हणलं, "हे काय केलं तुम्ही?"

"काऊन? माझं लगन कापडाखाली झालं, दादाचंही तसंच. म्हणलं, पोरीचं तरी नाई होऊ देणार."

"साहेब येणार आहे ना पाहाले! काय दाखवू त्याले, बुडखे?"

ते जरा गोंधळले. "लगनाले डहाळा नाई भेटत तर जंगल कायले लावलं मग, वहिनी?" त्यायनं एवढं खरंखुरं विचारलं का मी त्यायच्या खांद्याकडेच पाहत राह्यली. त्या माणसानं खांद्याची सालटं काढून जगवलेली झाडं होती ती. दुसऱ्या कोणी तोडली असती तर मी त्याची मान धरली असती. ह्याचं काय धरू?

तरी मी खांबाजवळ गेली. दोरीची गाठ हातात घेतली. मनात होतं, सारं उतरवते, बंडीत भरते, चावडीपुढे नेऊन टाकते अन् सांगते का माझ्या घरचाही गुन्हाच आहे. तेवढ्यात माझी नणंद सुमित्राबाई धावत आली, माझा हात धरला. हळूच म्हणाली, "वहिनी, टाकलेला मांडव उतरवतात काय? अन् तुम्ही? तुमच्या हातानं?"

तुमच्या हातानं म्हणजे विधवेच्या हातानं. समजलं मले. नवरदेवाकडचे पाहुणे ओसरीवर बसून पाहून राह्यले होते. मी दोरी सोडून देली.

दुसऱ्या दिवशी लगन लागलं. अंतरपाट सरला अन् अपेक्षानं वर पाह्यलं. तिच्या डोक्यावर जे झाड होतं ते तिनंच लावलेलं, बुडाशी दुबेळकं फुटून दोन खोडं झालेलं, तिले ओळखू नाई येणार काय? पोर अशी रडली, अशी रडली! बाया म्हणे, माहेर सुटते ना, म्हणून. मी पण मान हलवली.

पाहुणे पांगले अन् आठ दिवसांत प्रभाकरराव आला. धाकट्या पोरीची पत्रिका घेऊन. कुऱ्हाड बाहेर टेकवून आत आला, पाणी प्याला. टोमणा नाई, आवाज नाई. नुसतं म्हणाला, "वहिनी, आता आमचेही डहाळे घेऊन जातो."

मी काय म्हणणार होती? नाई म्हणाचं तोंडच नव्हतं राह्यलं मले. म्हणलं, "घेऊन जा, भाऊ."

तो गेला अन् बबनराव ओसरीवर डोकं धरून बसले. तेव्हा त्यायले उमजलं. म्हणाले, "वहिनी, मले मारा." मी म्हणलं, "आता मारून काय होते?"

त्या वैशाखात गावात एकही लगन कापडाखाली नाई लागलं. जांभूळ सरली तसा ऐन गेला, आवळा गेला. बंड्या जायले कुंपण तोडलं, त्यातून शेळ्या शिरल्या. मी कोणाच्या दारात गेली नाई. मृगाच्या आधी साहेब आला, नवाच होता. उभ्या उभ्या टेकडी पाह्यली अन् म्हणाला, "प्रयत्न केला तुम्ही, बाई." त्यात त्याची काय चूक?

पावसाळ्यात सागाचे खड्डे सुरू झाले. खात्याले मजूर पाहिजे होते. समितीतल्याच बाया गेल्या, बबनराव गेले, मीही गेली. घरी बसून कुदळीचा आवाज ऐकणं काही जमत नव्हतं मले.

नाल्याच्या काठाले आमची ओळ आली. तिथं एका बुडख्याले फूट आलती. जांभूळ तोडली तरी बुडातून फुटते. तांबूस, कोवळी, चिमुकली पानं, पावसानं धुतलेली. मी खाली बसली. बबनराव पण कुदळ टाकून जवळ आले.

"वहिनी," ते पुटपुटले, "जिवंत आहे."

मुकादम तिकडून ओरडला, "ते काढा तिथलं! बरोबर ओळीत येऊन राह्यलं."

बबनरावानं माझ्या तोंडाकडे पाह्यलं. मी नाई म्हणलं असतं तर तो माणूस त्या बुडख्यावर आडवा पडला असता, मले माहीत आहे. पण मी नाई म्हणून काय होणार होतं? शेळ्या, बंड्या, पुढचा वैशाख, सारं मले दिसून राह्यलं होतं. कोणासाठी भांडू आता, अन् कोणाशी?

मी उठली अन् कुदळ मारली. मूळ लय खोल गेलतं. दुपार झाली ते काढता काढता.