नव्या कोनाचा आवाज

बिलोलीचा कार्यक्रम रंगात आला होता. कडवं संपत आलं आणि मनिषाच्या गिटारचा ॲम्प एकदम खरखरून अर्धा गप्प झाला. त्या पेटीत शेजारी शेजारी दोन स्पीकर होते. डावा वाजत राहिला, उजव्यातून नुसता जळका वास यायला लागला. मनिषाने हात थांबवला नाही. समोर बसलेल्या बायाबापड्यांना काही कळलंही नसेल, पण तिला बोटांखाली तार असूनही अर्धा आवाज हरवल्यासारखं वाटत राहिलं.

कारण तिला ठाऊक होतं. त्या दिवशी कीबोर्डची पेटी बिघडली होती आणि तिच्या मोठ्या भावाने, आनंदराजने, कीबोर्डसुद्धा गिटारच्याच ॲम्पला जोडायला लावला होता. गिटारच्या स्पीकरचा कागद हलका असतो, कीबोर्डमधल्या ढोलाचे ठोके त्याला झेपत नाहीत. हे तिने वायर लावतानाच सांगितलं होतं. पण गाण्याचा संच आनंदराजचा होता. तो गायचा, लोक त्याच्यासाठी यायचे, आणि व्यासपीठावर त्याच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

नांदेडला परतल्यावर त्याने दोन-चार ठिकाणी फोन लावले. मग अंगणात खुर्ची टाकून बसला आणि म्हणाला, "असला स्पीकर आता निघत न्हाई म्हणतात. कंपनीनं बंद केलाय."

"दुरुस्त होतो की दादा."

"दुरुस्तीच्या मालाला पहिल्याची सर येत असती का? किनवटच्या कार्यक्रमाला धम्मदीप कीबोर्डवरच गिटार काढंल. बटण दाबलं की येतो आवाज."

"मग मी काय करायचं?"

"कोरसमध्ये गा. तुझा गळा काय वाईट हाय का?"

मनिषा दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. चिडलेल्या माणसाशी वाद घालून काही हाती लागत नाही, हे तिला रोजच्या अनुभवाने माहीत होतं. तिने उजवा स्पीकर पेटीतून खोलायला घेतला. स्क्रू काढता काढता म्हणाली, "मी दुरुस्त करून आणते. दोन्ही तुला न दाखवता ऐकवते. दुरुस्तीचा कमी पडला असं तुझ्या कानाला वाटलं, तर कोरसमध्ये गाते."

"हाव. चालंल," आनंदराज म्हणाला. त्याला ही पैज आधीच जिंकल्यासारखी वाटली असावी.

मंडपवाल्यांनी लातूरच्या अंबिकाचं नाव सांगितलं. औसा रोडला तिचं दुकान होतं. वडील भोंगे दुरुस्त करायचे. अंबिकाने इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि दुकान आपल्या हातात घेतलं. क्लासेसच्या हॉलमधले बसलेले स्पीकर, लग्नातल्या डीजेच्या भल्यामोठ्या पेट्या, सगळं तिच्याकडेच यायचं. मनिषा एसटीने उतरून स्पीकर घेऊन दुकानात शिरली, तेव्हा कपाळावर विभूतीची बोटं ओढलेली एक बाई खांद्याएवढ्या पेटीत डोकं घालून बसली होती.

अंबिकाने स्पीकर उलटसुलट करून पाहिला. मधल्या कागदी कोनावर बोटं ठेवून हलकेच दाबलं. आतून खर्रर्र आवाज आला.

"कॉइल जळलीय. कोनबी फाटलाय. नवीन बसवावं लागंल."

"गिटारचे करता का तुम्ही?"

"आजवर केला न्हाई. पण स्पीकरच हाय ना ताई? होतो. रविवारी या."

एवढ्या सहज ती म्हणाली की मनिषाला धीरही आला आणि थोडी शंकाही आली.

रविवारी ती पूर्ण ॲम्प आणि गिटार घेऊनच गेली. भावाशी लागलेली पैजही तिने अंबिकाला सांगितली. अंबिकाचं काम देखणं होतं. कॉइल बरोबर मधोमध बसावी म्हणून तिने जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून भोवती खोचल्या होत्या आणि गोंद वाळल्यावर काढल्या होत्या. कोन दाबला तर जराही घासत नव्हता. पेटीच्या मागे तिने एक बटणही लावून दिलं. इकडे केलं की डावा स्पीकर वाजे, तिकडे केलं की उजवा.

मनिषाने एक सुरावट डाव्यावर वाजवली. मग तीच उजव्यावर. मग पुन्हा डाव्यावर.

"बोला," अंबिका म्हणाली.

"वाजतोय चांगला. पण गोधडी पांघरून कुणी बोलावं तसा."

अंबिकाने कान पेटीजवळ नेला आणि म्हणाली, "परत वाजवा." मनिषाने वाजवलं. "आता नुसती बारीक तार." तीही वाजवली. अंबिका सरळ झाली, तिने डाव्या स्पीकरच्या कडेवरून बोट फिरवलं, मग उजव्याच्या.

"कडा. जुन्याची कडा कोनाच्याच कागदाची हाय, चुण्या पाडलेली. मी डीजेला लावते तसला जाड कोन बसवला, कापडी कडेचा. तो धक्का सोसतो, पण बारीक सूर खातो." तिने ब्लेड उचललं आणि मनिषा काही म्हणायच्या आत नवाकोरा कोन गोल कापून बाहेर काढला.

"अहो, वाजत तर होता."

"वाजायला तर डबाबी वाजतो. माझ्या दुकानातून हा असा जाणार न्हाई."

मनिषाला ती बाई त्या ब्लेडच्या फटक्यासरशी आवडून गेली.

हैदराबादच्या एका व्यापाऱ्याकडून अंबिकाने पातळ कागदाचे निरनिराळे कोन मागवले. ते आल्यावर तिने मनिषाला बोलावून घेतलं. कागदाची जाडी अंबिका उजेडाकडे धरून सांगायची. पण निवडला तो मनिषाने. तिने पेटीतल्या जुन्या कोनावर नखाने टिचकी मारली, आवाज कानात धरला आणि मग नव्या कोनांवर एकेक करून टिचकी मारत गेली. बरेचसे थप् वाजले. एक टक् वाजला.

"हा," ती म्हणाली.

"पक्कं?"

"पक्कं."

त्या कोनाने उजवा स्पीकर पुन्हा उभा राहिला. मनिषाने तीच सुरावट वाजवली आणि बारीक तार खणखणीत बाहेर आली. तिने बटण इकडेतिकडे करून बराच वेळ वाजवलं. अंबिका हाताची घडी घालून भिंतीला टेकून ऐकत होती.

"सारखा हाय का?" शेवटी तिने विचारलं.

"न्हाई. जुना गोड हाय. याला धार हाय. पण हा गिटारचाच आवाज हाय, परका न्हाई."

"सारखा मी म्हणणारबी न्हाई. जुना कागद इतकी वर्षं हलून मऊ पडलाय. नवा ताठ हाय." ती हसली. "पण वाईट कोण म्हणतं ते बघू. नांदेडला मी येते तुमच्यासोबत. बटण मी फिरवते, न्हाई तर तुमचे दादा स्पीकर सोडून तुमच्या तोंडाकडं बघत बसतील."

संचाची तालीम विहाराशेजारच्या सभागृहात व्हायची. आनंदराज, कीबोर्डवाला धम्मदीप आणि ढोलकी वाजवणारा व्यंकटी, तिघे सतरंजीवर बसले. अंबिकाने पेटीवर चादर टाकली. पण त्याआधी तिने मोबाइलवर दोन्ही स्पीकरांचा आवाज मोजला. नवा जरा मोठ्याने वाजत होता. तिने ॲम्पच्या आवाजाच्या बटणावर खडूने खुणा केल्या, एक जुन्यासाठी, एक नव्यासाठी.

"हे कशाला?" आनंदराजने विचारलं.

"मोठा वाजला की माणसाला तोच चांगला वाटतो. मला असं जिंकायचं न्हाई."

मनिषा चादरीकडे पाठ करून बसली आणि वाजवू लागली. आनंदराज नेहमी ज्या गाण्याने कार्यक्रम उघडायचा, त्याचीच चाल तिने घेतली. अंबिका बटण फिरवायची आणि नुसतं "हा एक" किंवा "हा दुसरा" म्हणायची.

धम्मदीपला फरक कळला नाही, आणि त्याने तसं सांगून टाकलं. व्यंकटी डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "पहिला जुना. दुसऱ्याला थाप कोरी हाय, ढोलकीच्या नव्या पुडीसारखी."

"उलटं सांगून राहिला तू," आनंदराज म्हणाला. "दुसराच कंपनीचा. त्याच्यात दम हाय. पहिला दुरुस्तीचा, दबकत दबकत बोलतो."

"परत ऐका," अंबिका म्हणाली. यावेळी तिने तिघांना पाठ फिरवायला लावून दोन्ही स्पीकर खोलले, त्यांच्या जागा बदलल्या, पुन्हा चादर टाकली आणि क्रमही बदलला. आनंदराजने पूर्ण ऐकून घेतलं आणि ठामपणे सांगितलं, "हा आत्ता थांबवला तोच कंपनीचा. झोपेतून उठवलं तरी सांगंन."

अंबिकाने चादर काढली आणि शेवटी वाजलेल्या स्पीकरवर बोट ठेवलं. तोच दुरुस्तीचा होता. नव्या कोनाचा काळाभोर कागद चमकत होता, शेजारी जुना धुरकट झालेला. आनंदराज उठून पेटीजवळ गेला. त्याने स्वतः बटण दाबलं. "वाजव," तो बहिणीला म्हणाला. तिने वाजवलं. त्याने पुन्हा बटण फिरवलं, खडूच्या खुणेवर आवाज आणला, पुन्हा ऐकलं. व्यंकटीने हसू दाबायला ढोलकीच्या दोऱ्या आवळायला घेतल्या.

बराच वेळ असं झाल्यावर आनंदराज तिथेच खाली बसला. "तुला कोणता आवडतो?" त्याने विचारलं.

ॲम्प विकत घेतल्यापासून त्याने तिला असं काही विचारलं नव्हतं. मनिषाला उत्तर शोधावं लागलं नाही.

"मला जुना. एकटीनं वाजवायला, रेकॉर्डिंगला. पण किनवटच्या मैदानात नवा पाहिजे. तुझा गळा अन् व्यंकटीची ढोलकी चालू झाली की जुना खाली राहतो. नवा मधून वाट काढतो. माईक नव्याच्या पुढं लावायचा."

"अन् कीबोर्ड?"

"कीबोर्डला त्याची स्वतःची पेटी. माझ्या ॲम्पला दुसरी वायर लागणार न्हाई."

आनंदराजने धम्मदीपकडे पाहिलं, मग अंबिकाकडे. दोघांपैकी कुणीही त्याच्या मदतीला आलं नाही. "बरोबर हाय," तो म्हणाला. "बिलोलीलाबी तू सांगितलं होतंस."

किनवटचा कार्यक्रम मुलींच्या वसतिगृहासमोरच्या मैदानात झाला. मागे सागाची झाडं, पुढे ताडपत्रीवर दाटीने बसलेल्या मुली, त्यांच्यामागे आसपासच्या गावांतून आलेली माणसं. अंबिका दुकान बंद ठेवून आली होती. गिटारच्या पेटीपुढचा माईक तिने स्वतः लावला, जरासा तिरका, आणि मग माईकवाल्याला तिथून हलू दिलं नाही.

आनंदराजने नेहमीच्या गाण्याने सुरुवात केली. ढोलकी आली, टाळ्या आल्या, कीबोर्ड आपल्या पेटीतून घुमू लागला, आणि या सगळ्यातून गिटारची बारीक तार स्वच्छ निघून मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचली. मागच्या रांगेत उभी असलेली माणसं पुढे सरकली. मनिषाला व्यासपीठावरून ते दिसत होतं.

दुसऱ्या कडव्यानंतर आनंदराजला धृपद गायचं होतं. त्याने श्वास घेतला, आणि न गाता माईक खाली केला. मग बहिणीकडे वळून मान हलवली.

हे तालमीत ठरलं नव्हतं. व्यंकटीने ठेका हलका केला. मनिषा एक पाऊल पुढे आली आणि धृपदाची ओळ तिने तारांवर घेतली, आधी सरळ, मग थोडी वळवून, स्वतःच्या मनासारखी. ताडपत्रीवरच्या मुली शब्द गाऊ लागल्या.