आरशाला आलेली किळस

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे आणि मला माणसांच्या तोंडांची किळस आली आहे. नाक मुरडू नका. तुम्ही आपले एकच तोंड बघता आणि खूश होता, मी जन्मभर सगळ्यांची बघत आलो.

कारखान्यात काचेच्या पाठीवर चकचकीत मुलामा चढला आणि मी आरसा झालो. तिथून मी एका सलूनमध्ये गेलो. केवढा हुरूप होता मला! पण पहिल्याच गिऱ्हाइकाने अगदी जवळ येऊन नाकातले केस उपटले आणि माझी हौस तिथेच फिटली. पुढे कलपाचे ओघळ, फोडलेल्या पुटकुळ्या, काय काय म्हणून सांगू? शी! मात्र सलूनचा मालक रोज संध्याकाळी कागदाच्या ओल्या बोळ्याने मला लख्ख पुसायचा. "ही दुकानाची शोभा आहे," असे तो म्हणायचा, तेव्हा मी सगळे विसरून जायचो.

मालक थकला, दुकान बंद झाले. त्याने मला घरी नेऊन बेसिनच्या वर टांगले आणि माझे कौतुक संपले. दात घासताना उडालेले शिंतोडे माझ्यावर वाळून खडखडीत होतात. पुसायची पाळी कुणाची, यावर भांडणे होतात. पुसत मात्र कोणीच नाही.

या घरची धाकटी मुलगी बालवाडीत इंग्रजी शिकवते. परदेशात जाऊन शिकवायचे, हा तिचा लहानपणापासूनचा ध्यास. तिथल्या एका शाळेने शिकवतानाचा व्हिडिओ मागवला. तो पटला तर मुलाखत, नाही तर सगळेच मुसळ केरात. धाकटी माझ्यासमोर उभी राहून सराव करू लागली. ती इंग्रजीत "उजवा हात वर" म्हणायची आणि स्वतःचा डावा उचलायची. कारण समोर बसलेली चिमुरडी बाईंकडे बघून आरशासारखी नक्कल करतात. बाईंनी डावा उचलला, की त्यांचा बरोबर उजवा वर जातो. ही तर माझीच विद्या! त्या दिवसांत मला पहिल्यांदाच एक तोंड मनापासून आवडले.

आणि मग तिचा मामा आला. हा काही महिने परदेशात राहून आला आणि तेव्हापासून नाकातून बोलतो.

"अगं, डावा-उजवा कळत नाही आणि निघाली परदेशात शिकवायला!" तो ओरडला.

"मामा, मुलं समोरून बघतात ना, म्हणून..."

"ते मला नको सांगूस. आधी दात दाखव. तिकडे असली रडकी तोंडं चालत नाहीत. आणि शब्द असे गिळून बोलायचे. माझं बघ."

तिच्याबरोबर मलाही बघावे लागले. वाकडा जबडा, वटारलेले डोळे आणि ओढूनताणून आणलेले ते हसू. नाकातले केस परवडले!

"तो राहून आलाय तिकडे, ऐक त्याचं," आई म्हणाली. हळूहळू मामाचे ते हसू धाकटीच्या तोंडावर चढले आणि "उजवा" म्हणताना तिचा उजवाच हात वर जाऊ लागला; शब्द गिळणे तेवढे तिला जमले नाही. ते हसू बघताना मला पुन्हा किळस येऊ लागली. शेवटी बराचसा मामाच्या मनासारखा व्हिडिओ झाला आणि शाळेकडे गेला.

मुलाखतीचे बोलावणे आले खरे. बेसिनजवळ उजेड चांगला, म्हणून धाकटीने फोन मलाच टेकवून ठेवला. पलीकडच्या मुख्याध्यापिका इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचे बोलणे स्वच्छ आहे, म्हणून बोलावले. पण व्हिडिओतला धडा बघून आमची मुले गोंधळली असती. आता मला शिकवा. मी तुमची विद्यार्थिनी."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. दाराआडून मामा दात दाखवत होता आणि उजवा हात जोरजोरात हलवत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि मान वळवली. ते चिकटवलेले हसू गेले. ती आपल्या साध्या आवाजात "उजवा हात वर" म्हणाली आणि डावा उचलला.

पलीकडे मुख्याध्यापिका खळखळून हसल्या. "माझा बरोबर उजवाच वर गेला!" त्या म्हणाल्या.

धाकटीला नोकरी मिळाली आणि ती गेलीसुद्धा. मामा अजून गावभर सांगत फिरतो, "तयारी मीच करून घेतली." ऐकून ऐकून मला वीट आला आहे. कालच तो शेजारच्या मुलीला घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. तिलाही परदेशात शिकवायला जायचे आहे.

"आधी दात दाखव," मामा म्हणाला. तिने दाखवले.

मित्रांनो, आपल्या घरचे आरसे पुसत जा, एवढे तर मी मागणारच. पण आज त्याहून मोठे मागणे आहे. मला तोंड फिरवता येत नाही आणि बोलता तर मुळीच येत नाही. तुम्हाला बोलता येते. त्या मुलीला कोणीतरी जाऊन सांगा, की बाई गं, आधी ते हसू पुसून टाक.