एकमेकांसाठी राखलेलं

साहेबांना रिकामं काही बघवत नाही. खुर्ची रिकामी दिसली की तिथे माणूस बसवतील, भिंत रिकामी दिसली की स्वतःचा फोटो लावतील. ते आमच्या हॉस्पिटलचे व्यवस्थापक. मी तळमजल्यावरच्या गारठलेल्या खोलीत पेशंटांचे स्कॅन साठवणारं यंत्र सांभाळते.

त्या यंत्राला दोन कंट्रोलर. डॉक्टरांनी स्कॅन मागितला की तो शोधून त्यांच्या पडद्यावर पाठवायचं काम दोघं वाटून घेतात. एक बंद पडला, तर दुसरा त्याचंही काम अंगावर घेतो. म्हणून दोघांवरही निम्म्याहून कमीच भार ठेवायचा, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. साहेबांनी एकदा माझ्या खांद्यावरून ते आकडे पाहिले आणि त्यांना घबाड सापडलं.

"मॅडम, दोन्ही अर्धे रिकामेच? फुकट पोसताय होय?"

"रिकामे नाहीत, साहेब. एकमेकांसाठी राखलेत."

"राखीव बिखीव काही नको. कामाला लावा."

लावलं. स्वागतकक्षातल्या भल्यामोठ्या पडद्यावर दिवसभर चालणाऱ्या, साहेबच झळकणाऱ्या जाहिरातीच्या फिल्म त्याच यंत्रावर चढवल्या. मी परोपरीनं सांगितलं, भांडले. "तुम्ही फार नकारात्मक बोलता," एवढंच उत्तर मिळालं.

मग आत्याच्या मूत्रपिंडात गाठ निघाली. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं. आमचे सर्जन म्हणाले, "एक काढावं लागेल. दुसरं ठणठणीत आहे, ते दोघांचं काम उचलेल." ऑपरेशनला नेताना आत्या माझ्यावरच खेकसली, "इथे हात चोळत काय उभी राहतेस? जा, तुझं यंत्र बघ!"

खाली आले तर यंत्र कोकलत होतं. एक कंट्रोलर जळाला होता. दुसऱ्यानं इमानेइतबारे सगळं अंगावर घेतलं होतं, पण आधीच गळ्यापर्यंत भरलेला तो बिचारा आणखी किती उचलणार? तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून नर्सचा फोन आला.

"स्कॅन उघडतच नाहीये! पेशंटला भूल दिलीय. रक्तवाहिन्या कुठून जातात ते पाहिल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत."

पेशंट कोण, हे मला विचारावं लागलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. वर पडद्यावर साहेब हात जोडून हसत होते आणि त्या हसण्यामागे माझ्या आत्याचा स्कॅन रांगेत ताटकळत होता! परवानगीशिवाय फिल्मला हात लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता. हुकूम गेला खड्ड्यात. मी सगळ्या फिल्म बंद केल्या.

लगेच साहेबांचा फोन.

"मॅडम, पडदा काळा पडलाय! समोर पाहुणे बसलेत!"

"बसू द्या," मी म्हणाले आणि फोन आपटला.

थोड्या वेळानं नर्सनं कळवलं, स्कॅन उघडला. मी खुर्चीत बसून रडले. भीतीनं नाही, संतापानं.

आत्या शुद्धीवर आली, चहा पांचट आहे म्हणून कुरकुरायलाही लागली. तेव्हा साहेब माझ्या खोलीत उगवले. मला वाटलं, चूक कबूल करतील.

"एकावर निभावलं ना?" ते खुशीत म्हणाले. "मग दुसरा हवाय कशाला? आणि फिल्म सुरू करा आता."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"साहेब, वरच्या वॉर्डात माझी आत्या आहे. तीही आता एकाच मूत्रपिंडावर जगणार आहे."

"वा! हेच तर म्हणतोय मी."

"तिच्या दुसऱ्यात गाठ होती म्हणून ते काढलं, साहेब. फुकट पोसतोय म्हणून नाही. आणि उरलेल्याला डॉक्टर डोळ्यांत तेल घालून जपतायत. नवा कंट्रोलर येईपर्यंत तुमचा पडदा काळाच राहील. मला काढायचं तर काढा."

साहेबांनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. माझ्या जोडीला असलेल्या माणसाला, एका कामाला दोघं कशाला म्हणून, त्यांनीच गेल्या वर्षी घरी बसवलं होतं. हे यंत्र चालवणारं आता तिथे दुसरं कोणीच नव्हतं.