आठ वर्षांचं माप

चार वर्षं मी फक्त डाव्या बाह्या शिवल्या. उजवी बाही समोरच्या मशीनवरची बाई शिवते, म्हणून तिला सगळ्या उजवी म्हणतात आणि मला डावी. आईबापांनी ठेवलेली नावं पासपोर्टात आहेत आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. आम्ही लहान मुलींचे फ्रॉक करतो. ते जहाजाने कुठल्याशा श्रीमंत देशांत जातात. एका फ्रॉकला जी किमतीची चिठ्ठी लावतात, तेवढं कमवायला मला नऊ दिवस बाह्या शिवाव्या लागतात. आधी आधी ती चिठ्ठी पाहून डोकं तापायचं. आता मी ती उलटी करून ठेवते.

मी निघाले तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. अशी गुटगुटीत, की शेजारीपाजारी तिला भोपळी म्हणायचे. तिचा बाप काम शोधायला म्हणून गेला, तो अजून शोधतोच आहे. मग मी तिला माझ्या आईपाशी ठेवलं आणि इकडे आले. दर रविवारी दुपारी शेजारणीच्या फोनवर आमचं बोलणं होतं. त्यात चित्रही दिसतं, पण फोन कुठे धरायचा ते माझ्या आईला चार वर्षांत जमलेलं नाही. मला भोपळीचं कपाळ दिसतं आणि वरचे पत्रे दिसतात. त्या कपाळावर मी आठवडा काढते.

"कशी आहे गं ती?" मी विचारते.

"छान आहे. तू जिवाला लावून घेऊ नकोस," आई म्हणते. मागे कंपनीने तीन महिने पगार अडकवला होता, तेव्हाही भोपळी छानच होती.

यंदा माझा करार संपत होता. पुन्हा सही केली तर आणखी दोन वर्षं आणि पगारात थोडी वाढ. नाही केली तर पासपोर्ट परत मिळणार, पण सुरुवातीला अनामत म्हणून कापून घेतलेले दोन पगार बुडणार. मी सही करणारच होते. पोरीचं भलं त्यातच आहे, असं स्वतःला रोज बजावत होते. पण जीव ऐकेल तर ना! बाहीची गोलाई हातात आली की वाटायचं, तिचा दंड आता केवढा झाला असेल? तिची वेणी कोण घालतं? आईचे हात तर थरथरतात. मला काही मोठं नको होतं. मला तिची एक वेणी घालायची होती.

तेवढ्यात आमच्या कॉलरमावशीचं घरी जायचं ठरलं. ही सगळ्यांत जुनी, अकरा वर्षं कॉलरी शिवल्या, आता डोळे अधू झाले म्हणून कंपनीने सोडलं. तिचं गाव माझ्या गावापासून दोन तासांवर.

"काही पाठवायचं असेल तर दे. पण लोणच्याची बरणी देऊ नकोस, फुटते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "फ्रॉक देते. मी शिवलेला."

उजवी खो खो हसली. "तू शिवणार? अगं, एका बाहीचा फ्रॉक घालून पोरगी कुठे जाईल?"

खरंच होतं तिचं. अख्खा फ्रॉक आमच्यातल्या एकीलाही येत नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी पिवळं कापड आणलं. मापाची अडचण नव्हती. भिंतीवर कंपनीचा तक्ता आहे, वयाप्रमाणे छाती, उंची, खांदा, सगळं लिहिलेलं. मी आठ वर्षांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तेच माप घेतलं. आपल्या पोरीला तिकडच्या पोरींच्या तोडीचं घालायचं, बोटभरही कसर नको, अशी मला तेव्हा मोठी हौस आली होती.

सुपरवायझर बाई जेवायला गेल्या की आमचं काम सुरू व्हायचं. मावशीने डोळे बारीक करत कॉलर लावली. काजवालीने चार काजं केली. डाव्या बाहीला मी अशी टीप घातली की कुणी बघत राहावं, आणि त्याच तोऱ्यात उजवी बाही उचलली तर खांद्याकडचा मुंढाच उलटा लावला. उजवीने हातातून ओढून घेतली. "सरक! चार वर्षांत मी कधी तुझ्या बाहीला हात लावला?"

फ्रॉक झाला आणि आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. लाखो फ्रॉक आमच्या हातांखालून गेले, पण कुणासाठी शिवला ते ठाऊक असलेला हा पहिलाच. मावशीने तो आपल्या साड्यांच्या मधे ठेवला आणि ती गेली.

पुढच्या रविवारी फोन शेजारणीच्या हातात होता, म्हणून मला पहिल्यांदा भोपळी पायापर्यंत दिसली. फ्रॉक घोट्यापर्यंत आला होता. गळा एका खांद्यावरून घसरला होता आणि बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती. आई म्हणाली, "वाढत्या अंगाचा शिवलास ते बरं केलंस."

मी वाढत्या अंगाचा शिवला नव्हता.

"आई, तिची छाती मोज," मी म्हटलं. घरात टेप नव्हती. आईने वीत लावली. तीन वीत, त्यात दोन बोटं कमी. माझा हात आईसारखाच आहे, लहानपणापासून सगळे सांगतात. सोमवारी मी टेबलावर माझ्या वितीने तेवढंच माप घेतलं, ते टेपेवर धरलं आणि तक्त्यापुढे उभी राहिले. आठच्या ओळीला नाही. सातला नाही, सहाला नाही. पाचच्या ओळीला टेकलं, तेही जेमतेम. तक्त्यात चूक नव्हती. आमचे फ्रॉक जिथे जातात तिथली आठ वर्षांची मुलगी तेवढीच असते. माझीच पाचाच्या मापात राहिली होती, आणि मी चार वर्षं तिचं कपाळ बघत बसले होते.

त्या दिवशी मी मशीनवर रडले. बाही ओली झाली म्हणून बाईंनी ती बाजूला काढली.

मग कराराचा आठवडा आला. आदल्या रविवारी फोन लावला तर आई काही बोलायच्या आत भोपळीच ओरडली, "आई, बसला! फ्रॉक बसला!"

फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता. ती भिंतीला पाठ लावून ताठ उभी होती. फ्रॉक छातीशी अगदी घट्ट, खांदे जागेवर, खालचा घेर गुडघ्यापाशी. तीन आठवड्यांत पोर एवढी वाढत नाही. कॉलर मागे ओढली गेली होती आणि दोन्ही काखांपासून चुण्या पाठीकडे गेल्या होत्या. एवढं तर मला कळतं. पाठीवर कापड गोळा करून पिना लावल्या होत्या, आणि कमरेला दोरी बांधून घेर वर खोचला होता.

"वळ बघू जरा," मी म्हटलं.

"नको." ती भिंतीला आणखी चिकटली.

"का गं?"

"असंच बघ ना. बसलाय की नाही?" मग आवाज बारीक झाला. "आजी म्हणाली, फ्रॉक बसला की आई येईल."

मागून आईचा आवाज आला, "रडायची गं रोज, म्हणून म्हटलं मी. मला काय ठाऊक ही मनावर घेईल!"

मी भोपळीकडे पाहिलं. श्वास रोखून उभी होती, पिना सुटू नयेत म्हणून.

"बसला गं," मी म्हटलं. "अगदी मापात बसला."

सोमवारी सुपरवायझर बाईंनी कागद पुढे केला. मी पेन तसंच परत दिलं.

"वेडी आहेस का? दोन पगार जातील. आणि तिकडे खायचं काय? पोरीला पैसे नकोत?"

"चार वर्षं पैसे पाठवून पाहिले, बाई. आता माणूस पाठवून बघते."

"जाऊन करणार काय तू? तुला येतं काय, डावी बाही?"

तेवढीच येते, हे खरं होतं. उजवी मशीन थांबवून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आधी एक फ्रॉक उसवायचाय. मग पाचाच्या मापाचा करायचाय. आणि मग दर वर्षी थोडा थोडा सोडायचाय."