मानेतलं कुंकू

गंधारने जुन्या ब्रशवर पेस्ट घेतली आणि गिटारीच्या मानेमागची लाल रेघ पुन्हा घासायला घेतली.

"दात घासून राहिलात का तिचे?" त्याची बायको सुकन्या दारातून म्हणाली. "गिऱ्हाईक येईल आता. चूळ भरायला लावा म्हणजे झालं."

तो हसला नाही. रेघ करंगळीएवढी लांब. मान जिथं खुंट्यांना मिळते, तिथं सांधा होता, आणि सांध्यात केसाएवढा लाल रंग. पेस्टने भोवतालचं लाकूड उजळलं, त्यामुळे रेघ आणखीच उठून दिसायला लागली.

लातूरला बदली झाली होती आणि सामान कमी करायचं होतं, हे विकण्याचं कारण सगळ्यांना सांगण्यासारखं होतं. जाहिरातीत त्याने सात फोटो टाकले होते. सातही समोरून. 'उत्तम स्थितीत' असं लिहिताना त्याचं बोट जरा अडखळलं होतं, पण लिहिलं.

अकरा वर्षांपूर्वी नांदेडात त्यांचा चौघांचा बँड होता, 'चौथा गिअर'. गणपतीत डीजेवाला जेवायला बसला की यांना वीस मिनिटं मिळत. त्या खंडेनवमीला गंधारच्या आईने पूजा मांडली. वाद्यं आडवी ठेवायची, असं ती दोनदा म्हणाली. गंधारला फोटो हवा होता. त्याने झेंडूचा हार घालून गिटार भिंतीला उभी केली, आई नैवेद्य आणायला आत गेली आणि गिटार सरकून थेट पूजेच्या ताटावर पडली. ताटाच्या काठावर मान तडकली. कुंकवाचा करंडा तिच्यावरच सांडला. त्याने घाईघाईने वरवर पुसलं, पिशवीत घातली, चेन ओढली. उद्या बघू.

उद्या, म्हणजे दसऱ्याला, किनवटला कार्यक्रम होता. टेम्पोत ड्रमची पेटी ड्रमवाल्या भुजंगने चढवली, ती नेमकी पिशवीला टेकली. तिथं पिशवी उघडली तर गिटारीचं डोकं तारांना लोंबकळत होतं. भुजंगनेच आधी कपाळावर हात मारला. "माझ्याच पेटीनं केलं हे." मन्मथ गायचा, बोलायचाही तसाच तार सप्तकात. तो म्हणाला, "तुझे हात केळीच्या घडालाच बरे."

गंधार ताटाबद्दल काही बोलला नाही. त्याच्याकडून खर्च झाला तो एवढाच, न बोलण्याचा. गिटार जोडून आणली भुजंगने, स्वतःच्या पैशाने, आणि गंधारच्या आईकडे ठेवून तो अर्धापूरला, घरच्या केळीच्या बागेकडे निघून गेला. बँडही त्याच आठवड्यात संपला.

बेल वाजली. विशीतली मुलगी होती, समीक्षा नावाची. अर्धापूरहून आलेली. चप्पल बाहेर काढून तिने गिटार मांडीवर घेतली आणि एकेक तार कान देऊन ऐकली. मग वाजवायला लागली. गंधार तिच्या हाताकडे न बघता तिच्या नजरेकडे बघत होता.

तिने गिटार उलटी केली.

"त्याचं काय आहे," गंधार घाईने म्हणाला, "प्रवासात एकदा जरा लागलं होतं. आमचा एक ड्रमवाला होता, त्याने पेटी..."

"हाव, माहीत हाय मला," ती म्हणाली. "भुजंग सरांनीच पाठवलं. मी त्यांच्याकडंच शिकून राहिले. फोटो बघितल्या बघितल्या म्हनले, ही आपली हाय."

गंधारने ब्रश पाठीमागे लपवला.

"म्हनले, जोड हाय, पण पक्का हाय, भिऊ नको. मीच पेटी-तबलेवाल्याकडं समोर बसून करून घेतला. अन् फटीत लाल दिसंल ते गंज न्हाई, रंग न्हाई. कुंकू हाय. त्यानं तुटका भाग उघडला तवा आत सगळं लालच होतं म्हने."

सुकन्याने पाण्याचा पेला पुढे केला. तो समीक्षासाठी होता, गंधारने घेतला.

खंडेनवमीचं कुंकू दसऱ्याच्या दिवशी तुटलेल्या लाकडाच्या आत जात नाही. एवढी वजाबाकी कुणालाही येते. भुजंगला तर ती दुकानात बसल्या बसल्या आली असणार. आणि तरीही तो जोडणावळ भरून, गिटार आईच्या हातात देऊन, चहा पिऊन गेला होता.

"आणखी काय म्हणाले?"

"दुसरं काई न्हाई. भाव करू नको म्हनले." तिने पाकीट काढलं. "मोजून घ्या, सर."

"ते कुठं असतात आता?"

"खालीच हायत की, गाडीपाशी. वर चला म्हनलं, तर म्हनले, तुझं उरकून ये."

गंधार खिडकीपाशी गेला. खाली मोटारसायकलवर एक माणूस बसला होता. टक्कल पडायला लागलं होतं. दोन्ही हातांची बोटं पेट्रोलच्या टाकीवर ठेका धरून होती, तोच जुना, मधेच एक मात्रा गाळणारा.

त्याने ब्रश खिडकीत ठेवला. पाकीट तसंच टेबलावर राहिलं. गिटार पिशवीत घातली आणि पिशवी खांद्याला लावली.

"राहू द्या सर, मी नेते. लई जड न्हाई."

"माहीत आहे," तो म्हणाला.

तीन मजले तो पायऱ्यांकडे बघत उतरला. पहिलं वाक्य काय असावं ते दुसऱ्या मजल्यावर सुचलं आणि पहिल्यावर मोडलं. शेवटच्या पायरीवर त्याने मान वर केली.

टाकीवरची बोटं थांबली होती.