नॉर्वेच्या होडीतले अनवाणी पाहुणे

मित्रांनो, मी नॉर्वे देशातली एक जुनी वल्ह्यांची होडी आहे. वल्ही मात्र आता माझ्याकडे नाहीत. ती कशी गेली ते आधी सांगते, म्हणजे मी माणसांकडे अशी तिरक्या नजरेने का पाहते ते तुम्हाला कळेल.

एका थंडगार खाडीच्या काठी, लाकडी फळ्या एकीवर एक चढवून आणि तांब्याचे खिळे ठोकून मला घडवले गेले. मी मासळी वाहिली, दुधाचे कॅन वाहिले, नवरीसुद्धा नेली. मग इंजिनाच्या बोटी आल्या आणि मी शेडमध्ये धूळ खात पडले. एके दिवशी एक गृहस्थ आला. त्याने मला कुरवाळले, तोंडभर कौतुक केले आणि जाताना माझी वल्ही हॉटेलच्या भिंतीवर टांगायला उचलून नेली. तेव्हापासून कोणी प्रेमाने हात लावला की मी आधी माझे खिळे मोजते.

आता मी एका शिडाच्या जहाजाबरोबर फिरते. आमचे दर्यावर्दी कसे जगले ते लोकांना दाखवायचे, हे माझे काम. या हिवाळ्यात आम्ही ओमानला, मत्राहच्या धक्क्याला लागलो. शेवटच्या दिवशी मला धक्क्यावर उतरवून ठेवले. ज्याला हवे त्याने चढावे, फोटो काढावा. सकाळपासून बूट दणदणत होते आणि माझ्या तळाच्या फळीला तडा जात होता. जहाजावरचा सुतार वाकून पाहत म्हणाला, "संध्याकाळपर्यंत टिकली तर घरी नेऊन बदलू. तुटली तर हिला इथेच सोडावे लागेल."

दुपारी जवळच्या बरका गावाहून एक कुटुंब आले. दुकानदार यूनुस, त्याची बायको हाफिजा आणि मुलगी सिदरा. मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. किल्ला पाहून, मासळी बाजार फिरून ते माझ्यापाशी थांबले आणि त्यांनी चक्क चपला काढल्या.

मी सावध झाले. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून कोण चपला काढतो? चोरच ना?

"अम्मी, खाली खूप हॉट आहे," सिदरा एका पायावर नाचत म्हणाली.

"होडीत चपला घालून नाय चढायचं. आमच्या घरात कोणी तसं चढलं नाय," हाफिजा म्हणाली.

"यल्ला सिदरा, काढ लवकर," यूनुस म्हणाला.

हाफिजाने माझ्या पुढच्या टोकावर हात ठेवला आणि ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. मग तिने खिळ्यांवरून बोटे फिरवली. झाले, आता खिळे जाणार, मी मनात म्हटले. ती आत आली. तिचे अनवाणी पाऊल नेमके तडकलेल्या फळीवर पडले आणि झटकन मागे गेले.

"इथं पाय नको देऊ गं. इथं दुखतंय हिला."

मित्रांनो, इतक्या वर्षांत असे कोणी म्हटले नव्हते. तरीही माझा संशय काही जाईना.

मागे रांगेत उभ्या असलेल्यांनी त्या चपला पाहिल्या. इथे तसा नियमच असणार, असे समजून तेही बूट काढू लागले. पाहता पाहता माझ्याशेजारी मशिदीबाहेर असतो तसा ढीग लागला. सुतार चक्रावला. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर एकही बूट वाजला नाही. फळी टिकली.

मला दोरांनी वर उचलत होते तेव्हा, मघाशी गर्दीत एक जोड सापडेना म्हणून थांबलेले ते तिघे परत आले आणि उरल्यासुरल्या ढिगात शोधू लागले. हाफिजाच्या चपला कोणीतरी घालून गेले होते.

"खलास, गेल्या," यूनुस म्हणाला.

"जाऊ दे. ज्याला लागल्या त्यानं नेल्या," म्हणत हाफिजा हसली आणि त्या खडबडीत फरशीवरून अनवाणीच गाडीकडे चालू लागली.

जुन्या वस्तूंना जपा, मित्रांनो. त्यांच्यावर पाय टाकण्याआधी थोडे थांबा. मी आता घरी चालले आहे, तडा घेऊन का होईना, पण एकसंध. आणि मी जिला चोर समजत होते, तिच्याच चपला माझ्यापायी चोरीला गेल्या.