टेपखालची दोन बोटं

“पोट आत ओढू नकोस गं. श्वास सोड.”

“मास्तर, अगं-तुगं कुणाला करता?” सासूबाईंनी दटावलं.

“चुकलं बाई. श्वास सोडा.”

सासरे, म्हणजे आमचे बाबा, शिंपी. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. बेचाळीस वर्षं बाबांनी कापायचं, शिवायचं आणि आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, काजं करायची. दोन वर्षांपूर्वी आईंना विसर पडू लागला, आणि त्यांच्या लेखी नवरा अधूनमधून नुसता शिंपी, ‘मास्तर’ झाला. नव्या गोळीनं हातांना काजं परत आठवली, पण सोबत मळमळही आणली. अन्नाचा वास आला की आई तोंड फिरवायच्या. “गोळी सकाळी खाल्ल्यावर द्या, थोडं थोडं भरवत राहा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, “तरी वजन उतरलंच, तर गोळी थांबवावी लागेल.” तपासणी उद्या होती.

वजनकाट्यावर चढायला आई घाबरतात. म्हणून बाबा दर रविवारी त्यांची कमर मोजतात, गिऱ्हाइकांच्या वहीत लिहितात. तीस इंच. साडेएकोणतीस. गेल्या रविवारी बाबांना चष्मा सापडेना, म्हणून टेप मीच लावला. एकोणतीस. त्या आकड्यानं माझी आठवडाभर झोप उडवली. तशी मी लेकीचं वजनही उगाच तीन-तीनदा बघते म्हणा.

जेवणाच्या टेबलावर काही केल्या जमेना, तेव्हा बाबांना दुकानातली जुनी रीत सुचली. कामाची गर्दी असली की दोघं जेवायला उठतच नसत. एक काज, एक घास. त्यांनी आईंना खिडकीपाशी बसवलं, मांडीवर कोट दिला, शेजारी बशी ठेवली. पाव, केळ्याच्या चकत्या, सगळं गार, वास न येणारं. काज पुरं झालं की आईंचा हात आपसूक बशीकडे जाई. परवा काजं संपली, तर बाबा झालेलीच उसवत बसले.

“बाबा, गिऱ्हाईक चिडेल ना!”

“गिऱ्हाईक मीच. कोट माझाच आहे.”

आज टेप कमरेभोवती फिरला आणि बाबा ओरडले, “साडेएकोणतीस!”

माझा जीव भांड्यात पडणार, तोच मला दिसलं. टेपखाली त्यांची दोन बोटं होती. कपडा सैल बसावा म्हणून ठेवतात ना, तशी. सवयीनं की मुद्दाम? आज टेपला फसवाल, उद्या काट्याला कसं फसवणार? बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी.

“बोटं काढा, मास्तर,” आईच म्हणाल्या. “गिऱ्हाइकाला फसवता होय?”

बाबा ओशाळले. “सवय हो, बाई.” बोटं निघाली, टेप अंगाला टेकला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. “सूनबाई, तूच वाच. माझ्यावर इथं कुणाचा विश्वास उरलेला नाही.”

मी वाकले. सव्वाएकोणतीस! पाव इंच चढलं होतं. मी एवढ्यानं ओरडले की कडेवरची लेक आधी दचकली, मग टाळ्या पिटू लागली.

“कुणाच्या नावावर लिहू?” बाबांनी वही उघडली.

“तुमच्या बायकोच्या लिहा,” आई केळं चघळत म्हणाल्या. “तिला बरं वाटेल.”

महिन्यापूर्वी आईंचा निळा झगा बाबांनी कमरेत आत घेतला होता. आता तो कपाटातून काढून ते त्याची शिवण उसवायला बसले. आईंनी न सांगता कापडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

“सावकाश. नेहमी घाई करता तुम्ही. आपल्या लग्नातल्या कोटाचीही बाही फाडलीत.”

बाबांचा हात थांबला. त्यांनी बशी आईंच्या जवळ सरकवली आणि पुढचा टाका अगदी सावकाश उसवला.